चोच दोघांना, घराणी वेगळी

प्रश्न : नातीला वाढदिवसाला मिळालेल्या प्राण्यांच्या पुस्तकात समोरासमोरच्या पानांवर पफिन आणि प्लॅटिपस आहेत. दोघांना चोच, दोघांच्या बोटांत पडदे, दोघे पाण्यात बुड्या मारून पोट भरतात, दोघे जमिनीत बीळ खणतात आणि दोघे अंडीही घालतात. तरी एकाखाली ‘पक्षी’ आणि दुसऱ्याखाली ‘सस्तन प्राणी’ असं छापलं आहे. नात विचारते, हे कुणी आणि कशावरून ठरवलं? मला काही सांगता येईना. शिवाय दोघांच्याही नावापुढे धोक्याची खूण आहे. जास्त धोक्यात कोण? आणि हे दोघे आपल्याकडे कुठे पाहायला मिळतील का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या नातीच्या या प्रश्नावर युरोपातले नावाजलेले प्राणिशास्त्रज्ञ जवळजवळ ८५ वर्षं वाद घालत होते. तेव्हा तुम्हाला चटकन उत्तर सुचलं नाही यात नवल नाही.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर जॉन हंटर यांनी १७९८ मध्ये प्लॅटिपसचं कातडं इंग्लंडला पाठवलं. पुढच्याच वर्षी जॉर्ज शॉ यांनी या प्राण्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. पण ते छापतानाच, कुणीतरी चार पायांच्या प्राण्याच्या तोंडाला बदकाची चोच जोडली तर नसेल ना, ही शंकाही त्यांनी लिहून ठेवली. शंका अनाठायी नव्हती. माकडाच्या धडाला माशाची शेपूट शिवून केलेल्या ‘जलपऱ्या’ त्या काळी पूर्वेकडच्या बंदरांतून खलाशांबरोबर युरोपात पोचत होत्या.

चोच खरी निघाली, आणि मग खरा वाद पेटला. १८२४ मध्ये योहान मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाला प्लॅटिपसच्या मादीच्या पोटाशी दूधग्रंथी सापडल्या. दूध पाजणारा प्राणी अंडी घालणार नाही, असं एका बाजूचं म्हणणं. अंडी घालत असेल तर त्या ग्रंथी दुधाच्या असूच शकत नाहीत, असं दुसऱ्या बाजूचं. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांना हा प्राणी अंडी घालतो हे ठाऊक होतं, त्यांनी गोऱ्या वसाहतवाल्यांना ते सांगितलंही होतं. त्यांचं ऐकलं गेलं असतं तर निम्मा वाद तिथेच मिटला असता. शेवटी १८८४ मध्ये विल्यम कॉल्डवेल हा केंब्रिजचा तरुण शास्त्रज्ञ क्वीन्सलँडमधल्या बर्नेट नदीवर तळ ठोकून बसला. स्थानिक लोकांच्या मदतीने त्याने शोधाशोध केली, त्यात शेकडो प्राणी मारले गेले, आणि अखेर एक मादी हाती लागली. तिने एक अंडं नुकतंच घातलं होतं आणि दुसरं अजून पोटात होतं. त्याने तार केली. कॅनडात माँट्रियल इथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सभेत २ सप्टेंबर १८८४ रोजी ती वाचली गेली, आणि अंडी घालणारे सस्तन प्राणी असतात हे जगाने मान्य केलं.

म्हणजे नातीला पहिली गोष्ट ही सांगा, की अंडं हा पक्ष्यांचा मक्ता नाही. मासे अंडी घालतात, बेडूक घालतात, साप आणि कासवं घालतात. फार पूर्वी सस्तन प्राण्यांचे पूर्वजही अंडीच घालत होते. पुढे बाकी सगळ्यांनी ती रीत सोडली. प्लॅटिपस आणि एकिड्ना नावाचे त्याचे काटेरी भाऊबंद यांनी ती टिकवून ठेवली. एखादी जुनी रीत चालू ठेवली म्हणून कुणाचं घराणं बदलत नाही.

मग घराणं ओळखायचं कशावरून? सस्तन प्राण्याच्या खुणा तीन: अंगावर केस, आईचं दूध आणि कानाच्या आत तीन इवलीशी हाडं. पक्ष्यांच्या कानात तसलं एकच हाड असतं, अंगावर केसांऐवजी पिसं असतात, आणि दुधाच्या ग्रंथी कुणालाच नसतात. प्लॅटिपस तिन्ही खुणांवर उतरतो. त्याच्या अंगावरची लव इतकी दाट असते की चौरस मिलिमीटरला सहाशेहून जास्त केस भरतात. त्यांत हवा अडकून राहते, त्यामुळे गोठत्या नदीतही आतली कातडी कोरडी असते.

दुधाची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण दोन्ही प्राण्यांमधला खरा फरक बिळाच्या आत दिसतो. प्लॅटिपसची मादी नदीच्या काठात लांबलचक बीळ खणते. विणीचं बीळ कधी कधी वीस मीटरपर्यंतही जातं. शेपटीखाली ओली पानं धरून ती आत नेते, शेवटच्या कोठडीत अंथरते आणि वाटेत मातीची बुचं घालून बीळ आतून बंद करते. मग साधारण दोन अंडी घालते. अंडं जेमतेम १७ मिलिमीटरचं, कवच चामड्यासारखं मऊ. शेपूट पोटाकडे वळवून, अंडी मध्ये धरून ती सुमारे दहा दिवस पडून राहते. बाहेर येणारं पिल्लू उघडं, आंधळं आणि दोनएक सेंटीमीटरचं असतं. आईला स्तनाग्रं नसतात. पोटावरच्या दोन जागी कातडीतून दूध पाझरतं, लवेवर येतं आणि पिल्लं ते तिथून चाटून घेतात. असे तीन-चार महिने जातात. नर या सगळ्यात कुठेच नसतो.

आता पफिनचं बीळ पाहा. उत्तर अटलांटिकमधल्या बेटांवर, समुद्रावर झुकलेल्या गवताळ उतारांत पफिन चोचीने माती उकरतो आणि पायांनी मागे ढकलतो. बीळ साधारण हात-दीड हात लांब, फार तर मीटरभर. आत एकच अंडं, तेही चांगलं सहा सेंटीमीटरचं आणि टणक कवचाचं. ते नर-मादी आळीपाळीने सुमारे चाळीस दिवस उबवतात. पिल्लू राखाडी पिसांच्या गोळ्यासारखं बाहेर येतं आणि पुढचे सहाएक आठवडे आईबाप दोघेही त्याला समुद्रातून मासे आणून देतात. दूध नाही, चाटणं नाही. चोचीत आडवे धरलेले ताजे मासे बिळात आणून टाकले जातात. मग एका रात्री ते पिल्लू एकटंच बिळातून निघतं, अंधारात समुद्र गाठतं आणि पुढची दोन-तीन वर्षं बहुधा जमिनीला पायही लावत नाही.

चोचींचंही तसंच आहे. लांबून दोन्ही चोची दिसतात, पण हात लावून पाहता आला तर एक मिनिटात फरक कळेल. पफिनची चोच हाडाची, वर नखासारख्या द्रव्याचं कवच. लाल-पिवळ्या रंगाचे बाहेरचे पत्रे विणीच्या हंगामापुरतेच असतात. हंगाम संपला की ते गळून पडतात आणि हिवाळ्यात पफिन मळकट, लहान चोचीचा दिसतो. जिभेवर आणि टाळूवर मागे वळलेले काटे असतात. पकडलेला मासा जिभेने टाळूशी दाबून ठेवायचा आणि चोच उघडून पुढचा पकडायचा, अशी सोय. एका फेरीत दहाएक मासे सहज आणले जातात, ब्रिटनमध्ये एका पफिनच्या चोचीत ६२ मासे मोजल्याची नोंद आहे.

प्लॅटिपसची ‘चोच’ ही मुळात चोचच नाही. ती ओलसर, मऊ, रबरासारखी लवचीक कातडी आहे, पुढे आलेल्या जबड्याच्या हाडांवर ताणलेली. तिच्यात चाळीस हजारांच्या आसपास अशी संवेदनाग्रं असतात, ज्यांना पाण्यातली वीज जाणवते. प्रत्येक जिवाचा स्नायू हलताना अगदी क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. चिखलात दडलेला झिंग्यासारखा जीव किंवा कीटकाची अळी शेपूट हलवते, तेवढीही वीज प्लॅटिपसला पुरते. स्पर्श टिपणारी हजारो अग्रं वेगळी. पाण्यात शिरताच तो डोळे, कान आणि नाकपुड्या घट्ट मिटून घेतो आणि डोकं डावी-उजवीकडे झुलवत तळ चाळत जातो. सस्तन प्राण्याला वीज जाणवते हे जर्मन आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं. मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत थक्क करणारा भाग हाच वाटतो. ज्या अवयवामुळे लोकांना या प्राण्यात बदक दिसलं, त्याचं काम बदकाच्या चोचीपेक्षा फार वेगळं आहे. पफिनचं उलट आहे. तो पाण्याखाली डोळे उघडे ठेवून माशाचा पाठलाग करतो, आणि साठ मीटर खोलवरही जाऊ शकतो. प्लॅटिपसचं काम बहुधा चार-पाच मीटरच्या आतच भागतं.

पोहण्याच्या रीतीत मात्र खरोखर साम्य आहे. दोघेही पुढच्या अवयवांनी पुढे सरकतात आणि मागच्या पायांनी दिशा धरतात. पफिन पंख मारत पाण्यात चक्क उडतो. प्लॅटिपस पुढच्या पंजांचे पडदे वल्ह्यासारखे मारतो, आणि जमिनीवर आला की तेच पडदे दुमडून नखं मोकळी करतो, कारण खणायला नखं लागतात.

हे साम्य आलं कुठून? दोघांचे सामाईक पूर्वज शोधायचे तर सुमारे ३१-३२ कोटी वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा पक्षी नव्हते, सस्तन प्राणी नव्हते, डायनासोरही नव्हते. प्लॅटिपसची शाखा आपल्या शाखेपासून निघाली ती त्यानंतर फार उशिरा, साधारण १८-१९ कोटी वर्षांपूर्वी. हिशेब केला तर प्लॅटिपस पफिनपेक्षा तुमच्या नातीला जवळचा ठरतो. याचा पुरावा जनुकांतही आहे. अंड्यातला बलक तयार करायला लागणारी तीन जनुकं कोंबडीत शाबूत आहेत. प्लॅटिपसमध्ये त्यांतलं एकच काम करतं. आपल्यात एकही चालत नाही, फक्त मोडकेतोडके अवशेष उरले आहेत. प्लॅटिपस बलकाकडून दुधाकडे निघालेल्या वाटेवर मध्येच मुक्कामाला राहिला आहे.

मग चोच, पडदे, बीळ हे सगळं दोघांत वेगवेगळं आलं, कारण दोघांचा पोटापाण्याचा उद्योग मिळताजुळता आहे: पाण्यात शिरून खायचं आणि पिल्लू मातीत लपवायचं. एकाच सरीत सापडलेल्या दोन अनोळखी माणसांच्या हातात छत्री दिसते, त्यावरून ती भावंडं ठरत नाहीत. ऊन, पाणी, भूक आणि शत्रू हे सगळ्या जिवांना सारखंच घडवत असतात. आपल्याकडेही खंड्या आणि वेडा राघू नदीकाठच्या दरडीत बोगदा खणून अंडी घालतात. रत्नागिरीच्या आसपास कुठल्याही ओढ्याच्या कापलेल्या काठात हे बोगदे नातीला दाखवता येतील.

एक गोष्ट नातीला नक्की आवडेल. अतिनील किरणांखाली पफिनच्या चोचीचे काही भाग चमकतात, हे २०१८ मध्ये लक्षात आलं. दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, प्लॅटिपसची लवही तशा प्रकाशात निळसर-हिरवी दिसते हे संग्रहालयातल्या नमुन्यांवरून कळलं.

आता दुसरा प्रश्न, जास्त धोक्यात कोण?

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत पफिन २०१५ पासून ‘व्हल्नरेबल’, म्हणजे असुरक्षित आहे. प्लॅटिपस २०१६ पासून ‘निअर थ्रेटन्ड’ आहे, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर. यादीप्रमाणे पफिनची स्थिती एक पायरी वाईट. पण डोकी मोजली तर चक्रावायला होतं. प्रौढ पफिन जगात एक कोटीहून जास्त आहेत. प्लॅटिपस किती याचे अंदाज तीस हजारांपासून तीन लाखांपर्यंत जातात. मग कोट्यवधींचा पक्षी जास्त धोक्यात कसा? यादी फक्त संख्या बघत नाही, घसरणीचा वेग बघते. जगातले नव्वद टक्क्यांहून जास्त पफिन युरोपात वीण करतात आणि तिथली त्यांची संख्या २००० ते २०६५ या तीन पिढ्यांच्या काळात ५० ते ७९ टक्क्यांनी घटेल असा अभ्यासकांचा हिशेब आहे. पफिन वीस-तीस वर्षं सहज जगतो आणि वर्षाला एकच अंडं घालतो. त्यामुळे पिल्लं वाचेनाशी झाली तरी कड्यांवर म्हाताऱ्या पक्ष्यांची गर्दी बरीच वर्षं तशीच दिसते. गर्दी दिसतेय म्हणजे ठीक चाललंय, असं मानणं या पक्ष्याच्या बाबतीत फार धोक्याचं आहे.

वर ज्या दोन गोष्टींमुळे हे दोघे सारखे दिसतात असं म्हटलं, त्याच दोन जागी दोघांवर घाव बसतो: पोटावर आणि बिळावर.

पफिनच्या पिल्लाचं पोषण मोठ्या अंशी सँडईल नावाच्या सडपातळ, तेलकट माशावर होतं. उत्तर समुद्र तापत चालला, तसे थंड पाण्यातले सूक्ष्म जीव उत्तरेकडे सरकले. त्यांवर जगणारी सँडईल रोडावली, आणि वर माणसाने तीच मासळी पशुखाद्यासाठी टनावारी उपसली. मार्च २०२४ पासून इंग्लंडने उत्तर समुद्रातल्या आपल्या हद्दीत आणि स्कॉटलंडने आपल्या साऱ्या पाण्यात सँडईलची मासेमारी बंद केली. हा निर्णय खूप आधी व्हायला हवा होता असं माझं ठाम मत आहे, पण झाला हे चांगलंच.

मासा बदलला की काय होतं, याचं सर्वांत दुखरं उदाहरण अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं आहे. तिथल्या ईस्टर्न एग रॉक या बेटावरचे पफिन शिकारीमुळे १८८५ च्या सुमाराला संपले होते. १९७३ मध्ये स्टीफन क्रेस या तरुण पक्षी अभ्यासकाने न्यूफाउंडलंडहून पिल्लं आणायला सुरुवात केली. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाताने बिळं खणली, प्रत्येक बिळात एक पिल्लू ठेवलं, रोज बिळाच्या तोंडाशी मासे नेऊन टाकले. पिल्लं मोठी होऊन समुद्रावर गेली आणि परत येईनात. मग त्यांनी बेटावर लाकडी पफिन उभे केले, की इथे वस्ती आहे असं वाटून खरे पक्षी उतरावेत. १९८१ मध्ये पहिल्या जोड्यांनी तिथे वीण केली. १९८६ पर्यंत ९५४ पिल्लं आणली गेली होती. समुद्रपक्ष्याची संपलेली वस्ती माणसाच्या हाताने पुन्हा उभी राहू शकते, हे या कामाने जगाला दाखवलं. त्यानंतर त्याच पद्धती कितीतरी देशांत वापरल्या गेल्या.

पण २०१२ मध्ये मेनचं आखात अतोनात तापलं. पफिनांना नेहमीचे मासे मिळेनात, तेव्हा त्यांनी दक्षिणेकडून आलेला बटरफिश आणून पिल्लांपुढे टाकला. हा मासा चपटा आणि पसरट असतो. पिल्लाच्या गळ्याखाली तो उतरेना. काही बिळांत पिल्लं उपाशी मेली आणि त्यांच्या शेजारी न खाल्लेल्या माशांचा ढीग पडलेला होता. आईबापांनी कष्टात कसूर केली नव्हती. माशाचा आकार तेवढा चुकीचा होता.

बिळाचा घाव वेगळा. जहाजांबरोबर बेटांवर उंदीर पोचतात आणि बिळात शिरून अंडी-पिल्लं खातात. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या लंडी बेटावर या शतकाच्या सुरुवातीला पफिन बोटांवर मोजण्याइतके उरले होते. २००२ ते २००४ दरम्यान बेटावरचे सगळे उंदीर मारले गेले. २०२३ मध्ये तिथे हजारावर पफिन मोजले गेले. वेल्सजवळच्या स्कोमर बेटावर उंदीर कधीच पोचले नाहीत, तिथे आज चाळीस हजारांवर पफिन आहेत. एकूण संख्या घसरत असताना ही बेटं भरलेली आहेत.

आणखी एक संकट दिव्यांचं. आइसलँडच्या दक्षिणेला वेस्टमन बेटांवर पफिनची प्रचंड वस्ती आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात रात्री बिळातून निघालेली पिल्लं चांदण्याच्या उजेडाने समुद्र गाठायला बघतात आणि गावाच्या दिव्यांकडे भरकटतात. रस्त्यावर, बंदराच्या धक्क्यावर, उभ्या गाड्यांखाली जाऊन बसतात. त्या आठवड्यांत गावातली मुलं रात्री उशिरापर्यंत जागून बॅटरी आणि पुठ्ठ्याची खोकी घेऊन फिरतात, पिल्लं गोळा करतात, त्यांची वजनं नोंदवली जातात, आणि दुसऱ्या दिवशी कड्यावरून दोन्ही हातांनी उंच फेकून ती समुद्राकडे सोडली जातात. त्याच आइसलँडमध्ये पफिनची शिकार अजून कायदेशीर आहे. दोन्ही गोष्टी तिथे पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. पण संख्या अशी घसरत असताना शिकार थांबायला हवी, असं मला वाटतं.

प्लॅटिपसची अडचण आधी मोजणीपासूनच सुरू होते. तो रात्री आणि सांज-सकाळी बाहेर पडतो, एकटा राहतो, पाण्याखाली असतो. हल्ली नदीचं पाणी बाटलीत घेऊन त्यात त्याच्या डीएनएचे कण सापडतात का हे तपासलं जातं, आणि त्यावरून तो तिथे आहे की नाही ते ठरतं. त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या १५ ते ३० टक्के खावं लागतं. म्हणून नदी आटली की काही दिवसांतच त्याच्यावर उपासमारीची पाळी येते. धरणांनी पाण्याचा प्रवाह बदलतो, काठावरची झाडं तोडली की काठ ढासळतो, गुरांच्या खुरांनी बिळं खचतात, आणि डबकी आटल्यावर एका डबक्यातून दुसऱ्याकडे चालत जाणाऱ्या प्लॅटिपसला कोल्हे आणि कुत्रे गाठतात. २०१९-२० चा दुष्काळ आणि वणवे या सगळ्यावर कळस ठरले. जानेवारी २०२१ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने त्याला आपल्या राज्यापुरतं ‘असुरक्षित’ जाहीर केलं. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात तर तो कांगारू आयलंडवर सोडलेल्यांपलीकडे जवळपास दिसेनासा झाला आहे.

यात एक संकट असं आहे की जे अगदी टाळता येण्याजोगं होतं. यॅबी नावाची गोड्या पाण्यातली शेवंड पकडायला जाळीचे बंद सापळे नदीत सोडतात. आमिषाच्या वासाने यॅबी आत शिरते, आणि प्लॅटिपसही शिरतो. यॅबी पाण्यात श्वास घेते. प्लॅटिपसला मात्र दर एक-दोन मिनिटांनी वर यावंच लागतं. बाहेर पडायला वाट नसते, तो आत गुदमरून मरतो, आणि एकाच सापळ्यात अनेक प्लॅटिपस मेलेले सापडल्याचं घडलं आहे. व्हिक्टोरियाने जुलै २०१९ पासून आणि न्यू साउथ वेल्सने २०२१ पासून हे सापळे बंद केले. वरून उघडी असलेली जाळी वापरली तर माणसाला यॅबी मिळते आणि प्लॅटिपसही वाचतो. इतका साधा फरक.

चांगली बातमी २०२३ ची. सिडनीजवळच्या रॉयल नॅशनल पार्कमध्ये प्लॅटिपस सुमारे पन्नास वर्षं दिसला नव्हता. तिथल्या नदीत दुसरीकडून आणलेले प्लॅटिपस सोडण्यात आले.

तर जास्त धोक्यात कोण? यादीचं उत्तर पफिन. माझ्या मनात काळजी प्लॅटिपसची जास्त आहे, आणि तिचं कारण असं: पफिनच्या कुळात आणखी दोन पफिन आहेत, ऑक या समुद्रपक्ष्यांच्या वंशातले इतरही वीसेक पक्षी आहेत. प्लॅटिपसच्या कुळात तो एकटाच उरला आहे. अंडी घालून दूध पाजणारे सस्तन प्राणी जगात पाचच, एक प्लॅटिपस आणि चार एकिड्ना. शिवाय पफिनला समुद्रावर पंख पसरून दुसरं बेट शोधता येतं. प्लॅटिपसची नदी आटली तर त्याला दुसरी नदी जमिनीवरून गाठावी लागते.

राहिला तिसरा प्रश्न. हे दोघेही भारतात नाहीत. ब्रिटनमध्ये कुणी नातेवाईक असतील तर एप्रिल ते जुलै हा पफिनचा काळ. वेल्समधल्या मार्टिन्स हेवन इथून स्कोमरला होडी जाते, पण रोज मोजक्याच लोकांना सोडतात. ऑगस्टमध्ये गेलात तर बेट रिकामं मिळेल. प्लॅटिपस पाहायचा तर मेलबर्नजवळचं हीलझव्हिल अभयारण्य. १९४३ मध्ये डेव्हिड फ्ले यांनी तिथेच बंदिवासात पहिल्यांदा प्लॅटिपसची वीण करून दाखवली. मोकळ्या नदीत पाहायचा असेल तर क्वीन्सलँडमधलं युंगेला चांगलं, तेही पहाटे किंवा तिन्हीसांजेला. नराच्या मागच्या पायावर विषारी काटा असतो. त्याची कळ मॉर्फिनलाही सहज जुमानत नाही, तेव्हा सापडलाच तर हात लावायला जाऊ नये.

पण रत्नागिरीत राहून या जोडीच्या तोडीचं काहीतरी पाहता येईल. कोकणातल्या नद्यांत आणि खाड्यांत पाणमांजर आहे. मऊ लवेचं, बोटांत पडदे असलेलं, काठात बीळ करून राहणारं, आणि लाल यादीत पफिनसारखंच ‘असुरक्षित’. सकाळी लवकर ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात त्याचे पंजे आणि माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसते. समुद्रपक्षी पावसाळ्यात येतात. जून ते सप्टेंबर दरम्यान वादळी वाऱ्यांत मास्क्ड बूबीसारखे खोल समुद्रातले पक्षी थकून आपल्या किनाऱ्यावर येऊन पडतात. असा पक्षी दिसला तर त्याला समुद्रात परत ढकलू नका, तो पाण्यावर तरंगण्याच्या अवस्थेत नसतो. चोचीत पाणी किंवा मासा कोंबू नका. हवेसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवा, आणि वन विभागाला कळवा. उचलताना चोचीपासून डोळे सांभाळा, जाडसर टॉवेल टाकून धरा. नातीला सोबत न्या, खोकं तिच्या हाती द्या.